डबा वाजतो: राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेला खुलं पत्र

प्रति,
महासंचालक, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, नवी दिल्ली
आणि
प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, वडाळा, मुंबई

विषय: दर दोन महिन्यांनी घ्यायच्या एचआयव्हीच्या नॅनो-इंजेक्शनाबाबत

महोदय/महोदया,

सप्रेम नमस्कार.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात ते सरकारी केंद्र) मी १६ वर्षं समुपदेशक होते. निवृत्त झाले असं म्हणता येत नाही, कारण निवृत्तीला पेन्शन लागते आणि आम्ही सगळे कंत्राटी. काम थांबवलं, एवढंच म्हणते. या १६ वर्षांत माझ्या टेबलासमोर बसून लोक सगळ्यात जास्त कशाबद्दल बोलले असतील? विषाणूबद्दल नाही, सीडी-फोर या प्रतिकारपेशींच्या आकड्याबद्दलही नाही. डब्याबद्दल. गोळ्यांचा डबा वाजतो.

तुमच्या दप्तरी हे कुठल्या रकान्यात बसत नसणार, म्हणून नीट सांगते. टीएलडीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांचा तो पांढरा प्लास्टिकचा डबा पिशवीत ठेवला की एसटीच्या दर खड्ड्याला खुळखुळतो. शेजारची विचारते, "कसल्या गं गोळ्या?" मग आमच्या बायका डब्यात कापूस कोंबतात. कोणी लेबल नखाने खरवडून काढतं, कोणी गोळ्या पाचक चूर्णाच्या बाटलीत ओततं. एक सून डबा तांदळाच्या कोठीत तळाशी ठेवायची, सासूचं मापटं पोचणार नाही इतका खोल. महिनाअखेरीस तांदूळ खाली गेले की डब्याची नवी जागा शोधायची. तिच्या महिन्याचं गणित किराण्यावर नाही, त्या डब्यावर चालायचं. (ओळख पटू नये म्हणून सगळ्यांचे तपशील बदललेत. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा मला पाठ आहे.)

आणि गोळ्या मोजणं. पेशंट आला की फार्मासिस्ट उरलेल्या गोळ्या मोजतात. जास्त उरल्या तर बोलणी बसतात. केंद्राच्या आवाराबाहेर, चहाच्या टपरीमागच्या गटारात, पांढऱ्या गोळ्या पडलेल्या मी स्वतः पाहिल्यात. आत येण्याआधी हिशोब जुळवून घेतलेला. आमच्या नोंदवहीत त्या महिन्याला ९५ टक्क्यांच्या वर सेवन.

गोळीला मी नावं ठेवत नाहीये. १ एप्रिल २००४ ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली, तेव्हापासूनच्या जुन्या पेशंटांना विचारा. स्टॅव्हुडिन या तेव्हाच्या औषधाने पायांची आग व्हायची, गाल आत जायचे, चेहराच रोगाची जाहिरात करायचा. तिथून आज रोज एक गोळी: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्रॅव्हिर. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, सापडेनासा झाला की जोडीदाराला लागणही होत नाही. हे मी हजार वेळा सांगितलंय आणि दर वेळी ऐकणाऱ्याचा खांदा खाली आलेला पाहिलाय. पण जन्मापासून पॉझिटिव्ह असलेला, आता कॉलेजात गेलेला एक मुलगा मला म्हणाला, "ताई, मला हा रोग दिवसभर जाणवतच नाही. फक्त रात्री नऊ वाजता जाणवतो." नऊला त्याचा गोळीचा गजर. त्याच्या वयाची किती मुलं गोळ्या सोडतात ते तुम्हाला आकड्यांत माहीत आहे, मला चेहऱ्यांनी.

म्हणून हे पत्र. नऊ वाजताची ती वेळ काढून टाकणारं औषध आज जगात आहे, आणि ते नॅनोतंत्राने बनलेलं आहे. आपल्या कार्यक्रमात मात्र अजून गोळीच आहे.

नॅनो म्हटलं की आमच्याकडे अजून गाडीच आठवते, किंवा करोनात विकले गेलेले "नॅनो सिल्व्हर"चे मास्क. पुढे जाण्याआधी हा शब्द जरा खाली उतरवते. वर्तमानपत्रात छापून येतं तसं चित्र डोक्यात असतं: इवलेसे गोळे रक्तात फिरतायत, विषाणूला शोधून टिपतायत. तसलं काही इथे नाही. इथली गोष्ट सहाणेवर चंदन उगाळण्याच्या जवळची आहे.

दोन औषधं आहेत: कॅबोटेग्रॅव्हिर आणि रिलपिविरिन. पहिलं आपल्या गोळीतल्या डोल्युटेग्रॅव्हिरचं सख्खं भावंड. विषाणूला आपल्या पेशीच्या जनुकांत घुसू देत नाही. दुसरं त्याच्या आधीची पायरी अडवतं. दोन्ही पाण्यात विरघळायला महा नाठाळ. एरवी औषधाचा हा दोष. इथे त्याच दोषाचा उपयोग करून घेतलाय. औषधाची पूड पाण्यात घालून बारीक मण्यांच्या गिरणीत दळतात, कण साधारण २०० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) होईपर्यंत, आणि कण एकमेकांना चिकटून गोळा होऊ नये म्हणून त्यावर एका पदार्थाचं पातळ आवरण राहू देतात. एचआयव्हीचा विषाणू १०० ते १२० नॅनोमीटरचा. म्हणजे औषधाचा कण विषाणूच्या फार तर दुप्पट.

इतकं बारीक कशाला? खडीसाखर तोंडात रेंगाळते, पिठीसाखर क्षणात जाते. कण जितका लहान, तितका पाण्याला भिडणारा पृष्ठभाग जास्त. हे पदार्थ इतके नाठाळ आहेत की खड्यासारखे टोचले असते तर पुरेसे विरघळलेच नसते, आणि सुईही अडली असती. पिठीसाखरेच्याही कितीतरी पलीकडे दळल्यावर ते स्नायूत साठून बसतात आणि हळूहळू रक्तात उतरत राहतात. आठवड्यांमागून आठवडे, ठरल्या चालीने. दळण्याचं माप चुकलं तर चालही चुकते. नॅनोची सगळी करामत या मापात आहे.

आमच्या केंद्रात पूर्वी काम केलेली एक नर्स आता लंडनच्या एका दवाखान्यात असते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत हे इंजेक्शन २०२२ पासून मिळतं. तिला फोन करून मी खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, "ताई, दोन सुया. दोन्ही कुल्ल्यांत एकेक, तीन-तीन मिली. रिलपिविरिनची बाटली फ्रीजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवायची, मग दोन्ही जोरात हलवायच्या, आत दुधासारखं दिसतं. नीट नाही हलवली तर सगळं तळाला." दुखतं का, विचारलं. "दुखतं की. दोन-तीन दिवस बसताना आठवण येते. काहींना गाठ येते, जाते. पण विचारलं गोळीवर परत जायचं का, तर बहुतेक नाही म्हणतात." मग थोडं थांबून म्हणाली, "इथे पण लोक डबा लपवतात, बरं का." मला वाटलं होतं तो फक्त आपला प्रॉब्लेम.

पहिल्या महिन्यात एक, दुसऱ्या महिन्यात एक, नंतर दर दोन महिन्यांनी. ठरलेल्या तारखेच्या सात दिवस आगे-मागे चालतं, त्याहून नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ च्या जानेवारीत मंजुरी दिली, तेव्हा ते महिन्याचं होतं. दोन महिन्यांचं २०२२ मध्ये झालं. त्याच वर्षी १२ वर्षांवरच्या, ३५ किलोंवरच्या मुलांनाही परवानगी मिळाली. आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली: गोळ्यांवर व्हायरल लोड पूर्ण दबलेला असेल आणि हिपॅटायटिस बी नसेल, तर प्रौढांना आणि किशोरवयीनांना हे इंजेक्शन पर्याय म्हणून द्यावं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, बाई जाहिरात करतायत. तसं नाही. केंद्रात इतकी वर्षं बसल्यावर माणूस उत्साहाने बोलायचं विसरतो. माझी खरी काळजी आता सांगते, कारण हे औषध जसंच्या तसं उचलून आपल्या एआरटी केंद्रात ठेवलं तर नुकसान होऊ शकतं.

पहिली गोष्ट टीबी. आपल्याकडे एचआयव्हीवाल्याला गाठणारा सगळ्यात मोठा रोग टीबीच. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन शरीरात ही दोन्ही औषधं इतक्या झपाट्याने संपवतं की ते आणि हे इंजेक्शन एकत्र चालतच नाही. प्रतिबंधासाठी आठवड्यातून एकदा देतो त्या गोळ्यांमधलं रिफापेंटिनही तसंच. इंजेक्शनवरच्या माणसाला टीबी निघाला तर त्याच दिवशी त्याला गोळीवर परत आणावं लागेल, तेही डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा. आता टीबीची गोळी एका खिडकीवर, एचआयव्हीची दुसऱ्या, आणि दोन खिडक्यांचं आपसात किती बोलणं असतं ते मला विचारू नका. इंजेक्शन सुरू करायच्या केंद्रात या दोन खिडक्यांना एकच कार्ड दिसलं पाहिजे. हिरव्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरच मोठ्या अक्षरात "इंजेक्शनवर" असा शिक्का हवा.

हिपॅटायटिस बी चं वेगळं आहे. आपल्या गोळीतले टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन हे दोघेही नकळत त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. इंजेक्शनातली दोन्ही औषधं त्याला काहीच करत नाहीत. गोळी सुटली की आतापर्यंत झोपलेला हिपॅटायटिस उठू शकतो. २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रम आहे, तपासण्या आहेत. तेव्हा तपासल्याशिवाय एकही सुई नाही, आणि ज्याला लागण नाही त्याला आधी लस.

मग शेपूट. डॉक्टर लोकही हाच शब्द वापरतात. गोळी सोडली तर औषध थोड्या दिवसांत शरीरातून जातं. हे इंजेक्शन सोडलं तर त्याचा अंश वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, अंगात राहतो. विषाणूला मारायला कमी, पण त्याला औषधाची ओळख करून द्यायला पुरेसा. अशा अर्धवट औषधात विषाणू निर्ढावतो. चाचण्यांमध्ये तारखा पाळूनही शंभरातल्या एखाद-दुसऱ्याचं औषध फसलं, आणि फसलं तेव्हा पुष्कळदा विषाणू कॅबोटेग्रॅव्हिरच्या सगळ्या घराण्यालाच जुमानेनासा झाला होता. त्या घराण्यात डोल्युटेग्रॅव्हिर येतं. आपला अख्खा कार्यक्रम ज्या एका खांबावर उभा आहे, तोच. म्हणून इंजेक्शन बंद करणाऱ्याला पुढच्या तारखेच्या आत गोळीवर आणणं हे त्याच्या एकट्यासाठी नाही, सगळ्यांसाठी गरजेचं.

इथे मला आमचे ऊसतोडवाले आठवतात. दिवाळी झाली की बीड, नगरकडून टोळ्या निघतात आणि कारखान्याच्या तळावर खोप्या पडतात. खोपीत लपवायला जागा नाही. सगळा संसार एका ताडपत्रीखाली, मुकादम येता-जाता आत डोकावणारा. गोळीसाठी त्यांच्यासारखा वाईट पेशंट नाही आणि इंजेक्शनसाठी त्यांच्यासारखा गरजू नाही. पण सात दिवसांच्या खिडकीत ते कुठल्या केंद्राजवळ असतील, कोण सांगणार? आज एका केंद्रातून दुसऱ्यात ट्रान्स्फर घ्यायला कागद लागतो, कधी दोन फेऱ्या लागतात. एक बाई पहाटे तीनला फड तोडायला निघायची आणि त्या कागदासाठी तिचे दोन दिवसांचे पैसे गेले. कोणत्या केंद्रात ते सोडून द्या. इंजेक्शन द्यायचं असेल तर ते महाराष्ट्रात, आणि कर्नाटकच्या सीमेवरच्या कारखान्यांपाशीही, ज्या केंद्रात माणूस उभा राहील तिथे मिळालं पाहिजे. एटीएमसारखं. ते जमत नसेल तर ऊसतोडवाल्यांना हे देऊ नका, त्यांचं भलं होणार नाही.

आणखी एक हिशोब जो कुठल्याही सादरीकरणात दाखवत नाहीत. ज्यांचं बरं चाललंय त्यांना आपण आता तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या देतो. म्हणजे वर्षाला चार फेऱ्या. इंजेक्शनवाल्याला सहा, पहिल्या वर्षी सात. "रोजच्या गोळीपासून सुटका" म्हणताना ज्याच्या रोजगाराचे दोन-तीन दिवस वाढतायत त्याला ते आधी सांगायला हवं. म्हणून सुई जिल्ह्याच्या ठिकाणी अडकून पडायला नको. लिंक एआरटी केंद्रापर्यंत (मुख्य केंद्राला जोडलेलं छोटं केंद्र), ग्रामीण रुग्णालयापर्यंत, आणि आठवड्यातून एक दिवस तरी संध्याकाळी.

तिथे फ्रीजचा प्रश्न येतो. कॅबोटेग्रॅव्हिर साध्या तापमानाला राहतं. रिलपिविरिनला दोन ते आठ अंश लागतात. लसीकरणामुळे आपल्याकडे शीतसाखळी गावापर्यंत आहे, तेव्हा हे अशक्य नाही. पण मी एका फ्रीजमध्ये लसीच्या शेजारी कर्मचाऱ्यांचे डबे आणि मोगऱ्याचा गजरा पाहिलाय, आणि तापमानाच्या तक्त्यावर महिन्याचे तीसही आकडे एकाच पेनाने, एकाच दिवशी भरलेले पाहिलेत. नाव घेत नाही. सांगायचा मुद्दा असा की, २०० नॅनोमीटरची कारागिरी शेवटी त्या तक्त्यावरच्या पेनाच्या भरवशावर असणार आहे.

मग कोणाला द्यायचं? जगभर हे आधी त्यांना मिळालं ज्यांचं गोळ्यांवर आधीच छान चाललं होतं. शिफारशीही तशाच लिहिल्यात. पण अमेरिकेत 'लॅटिट्यूड' नावाची चाचणी झाली, मुद्दाम अशा लोकांवर ज्यांना गोळ्या घेणं जमत नव्हतं. २०२४ मध्ये ती मधेच थांबवावी लागली, कारण इंजेक्शनवाल्यांचं इतकं चांगलं दिसलं की उरलेल्यांना गोळीवर ठेवणं बरोबर वाटेना. सगळ्यांनाच इंजेक्शन देऊ केलं. आणि आफ्रिकेत, युगांडा, केनिया आणि दक्षिण आफ्रिकेत, ५१२ जणांवर 'केअर्स' ही चाचणी झाली, आपल्यासारख्याच सरकारी दवाखान्यांच्या पद्धतीने, थोड्या-थोड्या दिवसांनी व्हायरल लोड न करता. तिथे इंजेक्शन गोळीच्या तोडीस तोड ठरलं. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी पूर्वी नेव्हिरॅपिन-एफाव्हिरेन्झच्या जातीची औषधं घेतलेली होती, रिलपिविरिन त्याच जातीचं, तरीही निभावलं. हे आपल्याला महत्त्वाचं, कारण आपले जुने पेशंट सगळे नेव्हिरॅपिनवर वाढलेले, आणि पॉझिटिव्ह आयांना प्रसूतीच्या वेळी आपण वर्षानुवर्षं नेव्हिरॅपिनचा एक डोस देत होतो. त्यांची मुलं आज कॉलेजात आहेत. नऊ वाजताचा मुलगा त्यातलाच.

तरी आपल्या लोकांवर पाहिल्याशिवाय मी कोणावर विश्वास ठेवायला सांगणार नाही. पुण्याजवळ भोसरीला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, संस्था आहे, १९९२ पासूनची, जिला आम्ही अजून 'नारी'च म्हणतो. विषाणू कोणत्या औषधाला निर्ढावलाय हे तपासायची सोय तिथे आहे. महाराष्ट्रात देशातले सगळ्यात जास्त एचआयव्हीसह जगणारे लोक आहेत. दोन्ही एकाच राज्यात असताना दहा-बारा केंद्रांवर एक वर्ष प्रयोग करून बघायला काय अडचण आहे, ते मला खरंच समजून घ्यायचंय. सुरुवात १५ ते २४ वयाच्या, जन्मापासून पॉझिटिव्ह मुलामुलींपासून करा. त्यांच्यानंतर घरात डबा ठेवता येत नाही अशा बायका. गोळी बिनबोभाट घेणाऱ्या माझ्यासारख्या नीटनेटक्या पन्नाशीतल्या लोकांना शेवटी. त्यांना नाही दिलं तरी काही बिघडत नाही.

पैशाचं मला फारसं कळत नाही, पण थोडं पाहिलंय. टीएलडीचा खर्च एड्स-टीबी-मलेरियासाठीच्या जागतिक निधीच्या खरेदीत माणशी वर्षाला ४५ डॉलरच्या आत आलाय, त्याच्या पुढे कुठलंही नवं औषध महागच दिसणार. पण किमती आकाशातून पडत नाहीत. २००१ मध्ये मोठ्या कंपन्या वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर घेत असताना मुंबईच्या सिप्लाने तीच तीन औषधं दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केली आणि सगळा बाजार उलटा झाला. कॅबोटेग्रॅव्हिरच्या प्रतिबंधाच्या (लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या) वापरासाठी मूळ कंपनीने २०२२ मध्ये मेडिसिन्स पेटंट पूलला, म्हणजे स्वस्त औषध बनवणाऱ्यांना पुढे परवाने देणाऱ्या संस्थेला, परवाना दिला, निम्न-मध्यम उत्पन्न देशांसाठी, म्हणजे आपणही आलो. २०२३ च्या मार्चमध्ये ऑरोबिंदो, सिप्ला आणि व्हायट्रिस यांनी सह्या केल्या. २०२५ मध्ये उपचाराचाही त्यात समावेश झाला. रिलपिविरिन दुसऱ्या कंपनीचं, त्याचं बोलणं वेगळं करावं लागेल, आणि ते दिल्लीनेच करायचं आहे, आम्ही नाही.

शेजारचं उदाहरण पाहा. लेनाकॅपाव्हिर नावाचं प्रतिबंधाचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं असतं. ते नॅनो नाही, द्रावणच त्वचेखाली जाऊन साकळतं. अमेरिकेत २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालं, आणि सप्टेंबरमध्ये हैदराबादच्या दोन कंपन्यांनी २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरला देऊ असं जाहीर केलं. मोठा गिऱ्हाईक समोर उभा राहिला की असं होतं. देशात २५ लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसह जगतायत. तुमच्यापेक्षा मोठा गिऱ्हाईक कोण?

हे आपल्याला बनवता येणार नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. पुण्याच्या जिनोव्हाने नॅनो-मेदकणांवर बसवलेली करोनाची एमआरएनए लस बनवली, तिला जून २०२२ मध्ये आणीबाणीची परवानगी मिळाली, आणि परदेशातल्या तशाच लसींना उणे तापमानाची शीतपेटी लागत असताना ती साध्या फ्रीजमध्ये राहायची. औषध बारीक दळून निर्जंतुक बाटलीत भरणं हे वेगळं कसब आहे, मान्य; पण कारखाने इथेच आहेत.

ज्याची भीती वाटते ती गोष्ट २०२१ ची आहे. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन हेही नॅनो-औषध. चरबीच्या सूक्ष्म फुग्यात भरलेलं. आम्हाला ते मेंदूच्या बुरशीमुळे आधीपासून माहीत होतं, फाइलींमध्ये मंजुरीची वाट पाहत पडलेलं असायचं. त्या मे महिन्यात म्युकर आला आणि अख्खा महाराष्ट्र ते नाव पाठ म्हणू लागला. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाचा भाऊ हातात चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला होता, कारण कोणीतरी त्याला सांगितलं होतं की एआरटीवाल्यांकडे ते असतं. माझ्याकडे नव्हतं. महाराष्ट्राची नॅनो-औषधाशी ओळख झाली ती अशी, काळ्या बाजाराच्या भावाने. दोन महिन्यांची ही सुई पण आधी खाजगी दवाखान्यांतून, पैसेवाल्यांच्या दारातून येणार आणि तारीख चुकली की शेपूट आपल्या केंद्रात घेऊन येणार, असं मला दिसतंय. ते टाळायचं तर तुम्ही आधी या.

एवढं झाल्यावर एक विनंती समुपदेशकांसाठी. गोळ्या मोजायचं काम संपलं की व्यवस्थेला वाटेल आता या बायकांची गरज काय. उलट आहे. तारीख चुकलेल्याला तीन दिवसांत शोधायचं असेल तर त्याचा फोन उचलला जावा असं नातं लागतं, आणि ते नातं मशीन बनवत नाही. पेशंटला घरी जाऊन शोधणाऱ्या आउटरीच वर्करचं मानधन आणि गाडीभाडं आधी वाढवा, मग फ्रीज घ्या.

या पत्राचं उत्तर मराठीत द्या आणि ते केंद्रांच्या औषधखिडकीशेजारी लावायला सांगा, रांगेत उभ्या माणसाला वाचता येईल एवढ्या अक्षरात. हो म्हणायचं असेल तर कोणत्या केंद्रांवर, कधी. नाही म्हणायचं असेल तर तेही लिहा: किती वर्षं नाही आणि कशासाठी नाही. नऊ वाजताच्या मुलाने मला तारीख विचारली आहे, आणि मी त्याला अजून खोटं बोललेले नाही. तोवर त्याने गजर पावणेदहावर नेलाय. पावणेदहाला रूममेट फोनवर बोलायला गच्चीत जातो.

कळावे,
आपली,
एक माजी समुपदेशक